टेल्मिसार्टनबरोबर काय चालतं, काय नाही? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर वर केल्यापासून पहिल्या तासात बीपीची गोळी मागणारे पाच-सहा जण तरी येतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन असतं. कुणाची नुसती ४० मिलिग्रॅमची, कुणाची ॲम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबरची, कुणाची 'एच' लावलेली, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध घातलेली. गोळी देताना मी विचारतो, "बाकी काय चालू आहे?" उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही." सुट्टे पैसे मोजेपर्यंत थांबलं की हळूहळू एकेक निघतं. गुडघ्याची गोळी, शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्ण, सर्दीची गोळी, कमी सोडियमचं मीठ. लोक खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हिशेबात ही औषधं नसतातच.

खालचे बहुतेक प्रश्न त्या "काही नाही"मधून आलेले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कुणी बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नये, वाढवूही नये. शंका आली तर हे पान दाखवून डॉक्टरांना विचारा.

टेल्मिसार्टनचं बाकीच्या औषधांशी बिनसतं तरी का?

आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन-२ नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनला कामाला लावून मीठ-पाणी शरीरात धरून ठेवतो. टेल्मिसार्टन त्याची बसायची जागाच अडवतं. वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतो.

पण त्याच अँजिओटेन्सिनची आणखी दोन कामं असतात. अल्डोस्टेरॉनमुळे जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडतं. ते कमी झालं की पोटॅशियम अंगात राहतं. दुसरं, किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक नळी अँजिओटेन्सिन थोडी आवळून ठेवतं, त्यामुळे गाळणीत दाब टिकतो. टेल्मिसार्टनने तो आधार ढिला होतो. एरवी याने काही बिघडत नाही, मधुमेही किडनीला तर कमी दाबाचा फायदाच होतो. दुसरं एखादं औषध त्याच ठिकाणी बोट घालतं तेव्हा पंचाईत होते.

म्हणजे भांडणं तीनच: पोटॅशियम वाढणं, किडनीवर ताण येणं, बीपी वाजवीपेक्षा खाली जाणं किंवा उतरायचा तो न उतरणं. चौथं सहसा नसतं. कारण लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमांच्या वाटेवर निम्म्याहून जास्त औषधांची गर्दी होते, त्या वाटेने टेल्मिसार्टन जातच नाही. ते पित्तात उतरतं आणि जवळजवळ सगळं शौचावाटे बाहेर पडतं.

गुडघे दुखतात, कंबर धरते. पेनकिलर घेतली तर चालेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब ही सगळी एका कुळातली. सूज आणि वेदना कमी करताना ती प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ रोखतात. हेच पदार्थ किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवतात. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. पेनकिलरने आत येणारी नळी आवळली, टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल केली. गाळणीत दाबच उरला नाही. त्यात गोळी 'एच' वाली किंवा क्लोरथॅलिडोनवाली असेल, म्हणजे लघवी वाढवणारं औषधही आत असेल, तर रक्तातलं पाणीही कमी. या तिघांची एकत्र गाठ पडली की किडनी अचानक रुसू शकते. वर या पेनकिलर मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून बीपीही सरासरी चार-पाच अंकांनी चढतो. मग माणूस म्हणतो, "गोळी लागू पडत नाही," आणि डॉक्टर डोस वाढवतात. खरा चोर पँटच्या खिशात असतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी घरात समजलं नाही. वडील टेल्मिसार्टन-एचवर होते. गुडघ्यासाठी ते आमच्याच दुकानाच्या रॅकवरून ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची स्ट्रिप उचलत, रोज दोन गोळ्या, जवळजवळ महिनाभर. मी गल्ल्यावर बसलेला असायचो. पायाला सूज दिसली, रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की वाढणारा रक्तातला आकडा, १.१ वरून २.३ वर गेलेलं. डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली, 'एच' काही दिवस थांबवली, तीन आठवड्यांनी आकडा १.३ वर आला. सगळ्यांचाच असा परत येत नाही. त्या दिवसापासून "बाकी काय चालू आहे?" हा प्रश्न मी विचारतो, आधी विचारत नव्हतो.

मग कधीच घ्यायची नाही का? दाढ दुखली म्हणून एखादी गोळी घेतली आणि किडनी ठणठणीत असली, तर बहुधा काही होत नाही. प्रश्न आहे तो रोजच्या, आठवडोन् आठवडे चालणाऱ्या गोळीचा. वय ६५ च्या पुढे, मधुमेह, आधीच वाढलेलं क्रिएटिनिन किंवा हार्टचा त्रास असेल, तर एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट स्ट्रिपच्या मागे वाचायची सवय लावा. "मी साधी कॉम्बिफ्लाम घेतो" म्हणणाऱ्यांना त्यात ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आहे हे माहीत नसतं.

मग पॅरासिटामॉल?

दुखण्या-तापाला पहिली निवड तीच. किडनीशी तिचं असं भांडण नाही. पण म्हणून रोज आठ-आठ गोळ्या खाऊ नयेत. २०२२ साली एडिंबरातल्या एका अभ्यासात बीपी असलेल्या ११० लोकांना दोन आठवडे रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं, तर वरचा बीपी सुमारे ५ अंकांनी वाढलेला दिसला. अधूनमधून ५०० किंवा ६५० घेणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पाण्यात फसफसणारी गोळी मात्र टाळा, तिच्यात सोडियम भरपूर असतं. ॲसिडिटीला म्हणून फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, तो मुळात खायचा सोडाच.

मलम, स्प्रे, बाम लावला तर?

चालेल. डायक्लोफेनॅकच्या जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं. दिवसातून चार वेळा दोन्ही गुडघ्यांना, कमरेला, खांद्याला असं थापत असाल तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

यंदा वारीला जायचंय. गोळी चालू ठेवायची ना?

ज्येष्ठ लागला की आमच्याकडे हा प्रश्न सुरू होतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेत औषधांचे मोफत कॅम्प लागतात, आणि पुढेही वाटेवर लागतात. सेवा मोठी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गर्दीत कागदी पुडीत दोन गोळ्या मिळतात, "पाय दुखतात ना, ही घ्या." त्यावर नाव नसतं. बहुतेक वेळा ती वर सांगितलेल्या कुळातलीच पेनकिलर असते.

आता ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवेघाट चढणारा साठीचा माणूस बघा. ऊन आहे किंवा दमट उकाडा आहे, घाम वाहतोय, लघवीची सोय नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायलंय, कदाचित एकादशीचा उपास आहे. सकाळी टेल्मिसार्टन-एच घेतलीय. सासवडला पोचून पेनकिलर घेतली. मघाशी सांगितलेली तिन्ही माणसं एका खोलीत आली, आणि वर पाण्याचा दुष्काळ.

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारून घ्या. लघवी वाढवणारा भाग वारीपुरता कमी करायचा का? जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवायची का आणि परत कधी सुरू करायची? पाय दुखले तर कुठली गोळी घ्यायची? उत्तरं कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि पॅरासिटामॉलची स्ट्रिप घरूनच न्या. कॅम्पवर पहिलं वाक्य हे बोला: "मला बीपीची गोळी चालू आहे." डॉक्टर त्यानुसार गोळी बदलतात. गोळी मात्र मनाने घरी ठेवून जाऊ नका. पंधरा-अठरा दिवस बीपी मोकाट सोडणं हे काही भक्तीत बसत नाही.

जुलाब-उलट्या घरी लागल्या तर?

तेच तत्त्व. अंगातलं पाणी झपाट्याने जात असताना टेल्मिसार्टन, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टर बऱ्याचदा "एक-दोन दिवस थांबा, खाणं-पिणं सुरळीत झालं की परत सुरू करा" असं सांगतात. फोन करून विचारा. आणि परत सुरू करायला विसरू नका, लोक नेमकं तेच विसरतात.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं. बरोबर केलं ना?

हेतू चांगला, पण आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. सोडियम कमी करून त्या जागी घातलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड. किडनी धडधाकट असलेल्या माणसाला हे मीठ उपयोगीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये साध्या मिठाऐवजी असं मीठ वापरायची शिफारस केली. पण त्याच शिफारशीतून किडनीचा त्रास असलेल्यांना वगळलं आहे. टेल्मिसार्टन घेणाऱ्याचं पोटॅशियम आधीच थोडं वरच्या बाजूला झुकलेलं असतं. त्यात किडनी कमजोर असेल, मधुमेह जुना असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी चालू असेल, तर हे मीठ धोक्याचं. घरात एकच मीठ सगळ्यांसाठी येतं हेही लक्षात घ्या. सुनेने आरोग्यासाठी म्हणून बदललेलं मीठ सासऱ्यांच्या आमटीतही जातं.

पोटॅशियम वाढलेलं कळत नाही, हा त्याचा दुर्गुण. कधी पायांत त्राण नाही वाटतं, कधी छातीत धडधडतं, बहुतेक वेळा काहीच वाटत नाही आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रक्त तपासणं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढतं, ३० टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर बहुधा गोळी चालू ठेवतात. पोटॅशियम साडेपाचच्या पुढे गेलं तर रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी जा, "पुढच्या भेटीला दाखवू" नको.

सैंधवाबद्दल एका ओळीत: सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला आणि उपासाला चालत असलं, तरी बीपीला तो फरक कळत नाही. सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात लोणचं, पापड, फरसाण आणि हॉटेलातली मिसळ धरलेली आहे.

शहाळं, केळी, उपासाची रताळी बंद करायची का?

किडनी चांगली असेल तर अजिबात नाही. फळं-भाज्यांतलं पोटॅशियम बीपीला मदतच करतं. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम आणि पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ६०० च्या आसपास पोटॅशियम असतं. एखादं शहाळं घेतलंत तर काय होतंय? पण आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळंच आणतो आणि दिवसाला तीन-तीन पोटात जातात, तेव्हा जरा विचार करा. किडनीचे डॉक्टर चालू असतील तर त्यांनी दिलेला आहाराचा कागद चालवा, माझा नको.

सर्दीची गोळी द्या ना, साधी कुठलीही.

"साधी कुठलीही" असं काही नसतं. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत तीन-चार औषधं एकत्र असतात: ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, गळणाऱ्या नाकाला क्लोरफेनिरामिन, आणि चोंदलेलं नाक मोकळं करायला फिनिलेफ्रिन. हे शेवटचं रक्तवाहिन्या आवळूनच काम करतं. नाकातल्या आवळतं तशा बाकीच्याही. स्यूडोएफेड्रिनचंही तेच. टेल्मिसार्टन एका बाजूने सैल करतंय, सर्दीची गोळी दुसऱ्या बाजूने ओढतेय. बीपी आटोक्यात नसलेल्या माणसाला मी ती देत नाही, यावरून काउंटरवर बोलणीही खाल्ली आहेत. वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, ताप असेल तर नुसती पॅरासिटामॉल, नाक फार गळत असेल तर सेटिरिझिन. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन-चार दिवसांच्या पुढे कुणीच वापरू नयेत, बीपी असो वा नसो.

आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार?

ज्येष्ठमधाने होतं. घसा बसला म्हणून कांडी चघळणं, काढ्यात टाकणं, खोकल्याच्या चाटणात असणं, हे आपल्याकडे इतकं घरचं आहे की त्याला कुणी औषध मानत नाही. त्यातला ग्लिसिरायझिन हा घटक किडनीत मीठ-पाणी अडवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. बीपी चढतो, पायांना सूज येते, पोटॅशियम घसरतं. बरोबर 'एच' वाली गोळी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं. दोन दिवस घसा दुखला म्हणून चघळलं तर आभाळ कोसळत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने, गाणं शिकवणाऱ्या बाईंनी, आवाजासाठी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध धरला होता आणि दोनदा बीपीचा डोस वाढला, तरी आकडा खाली येईना. त्यांनी पर्समधून छोटी डबी काढून दाखवली तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमध थांबवल्यावर काही आठवड्यांत डॉक्टरांनी डोस परत खाली आणला.

सर्पगंधा उलट दिशेने. ती खरोखरच बीपी उतरवते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे त्यातून रिसर्पिन हे औषध निघालं. म्हणूनच टेल्मिसार्टनवर सर्पगंधेची गोळी म्हणजे चिठ्ठीशिवाय घेतलेलं बीपीचं दुसरं औषध. चक्कर येऊ शकते, मनही खचू शकतं. वैद्यांकडे जाण्याला माझा विरोध नाही, माझी आजी वैद्यांच्याच हातची बरी झालेली. फक्त वैद्यांना ॲलोपॅथीची चिठ्ठी दाखवा आणि डॉक्टरांना वैद्यांची पुडी.

दोन डॉक्टरांनी दोन बीपीच्या गोळ्या दिल्यात. दोन्ही घेऊ?

बीपीला दोन-तीन गोळ्या लागणं अगदी नेहमीचं आहे. टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, किंवा त्यांच्या जोडीला क्लोरथॅलिडोन, या ठरलेल्या जोड्या आहेत. पण काही जोड्या जमत नाहीत.

टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल: दोन्ही एकाच साखळीवर काम करतात. दोन्ही मिळून जास्त फायदा होईल असं एकेकाळी वाटायचं. २००८ मध्ये ऑनटार्गेट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात २५ हजारांवर रुग्ण होते. एकत्र देऊन जादा फायदा दिसला नाही. बीपी फार उतरणं, चक्कर आणि किडनीच्या तक्रारी मात्र वाढल्या. तरी असं होतं कधी? जुन्या डॉक्टरांची रॅमिप्रिल चालूच राहते आणि नवे टेल्मिसार्टन लिहितात, कारण रुग्णाने सांगितलेलं असतं, "बाकी काही नाही."

टेल्मिसार्टनबरोबर लोसार्टन किंवा ओल्मेसार्टन म्हणजे तर एकाच घरातली भावंडं. आणि सगळ्यात वाईट प्रकार, तीच गोळी दोन नावांनी. एका कंपनीची टेल्मिसार्टन सकाळी, दुसरीची रात्री, दोन वेगळी औषधं समजून. स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा. चष्मा नसेल तर आम्हाला वाचायला सांगा, त्याचे पैसे लागत नाहीत.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड हार्टचे डॉक्टर टेल्मिसार्टनबरोबर विचारपूर्वक देतात. तिथे पोटॅशियमची तपासणी चुकवायची नाही.

माझ्या गोळीत ॲम्लोडिपिनही आहे. मग नियम बदलतात?

थोडे. ॲम्लोडिपिन लिव्हरच्या गर्दीच्या वाटेने जातं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा इट्राकोनॅझोल ही फंगसची गोळी ती वाट अडवते, मग ॲम्लोडिपिन साचतं, बीपी खाली जातो, पाय सुजतात. ॲझिथ्रोमायसिन असं करत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट करतं, ॲम्लोडिपिन भराभर संपवून टाकतं आणि बीपी वर येतो. कोलेस्टेरॉलची गोळी सिम्वास्टॅटिन असेल तर ॲम्लोडिपिनबरोबर ती २० मिलिग्रॅमच्या वर नको. हल्ली बहुतेकांना ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिनच असते, त्यामुळे हा प्रसंग क्वचित.

'एस' लावलेली ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम म्हणजे साधी ५ मिलिग्रॅम. बदलून घेताना आकडा बघून "अर्धाच डोस दिला" म्हणून दोन खाऊ नका.

आणि 'एच' किंवा क्लोरथॅलिडोनवाली असेल तर?

वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः बरोबर एसिटालोप्रामसारखी मनाची गोळी असेल तर. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागले, तोल जायला लागला, तर "वय झालं" म्हणू नका, सोडियम तपासा. युरिक ॲसिडही वाढतं. गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, असेल तर डॉक्टरांना आठवण करा.

शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करायची गोळी?

थायरॉक्सिन, स्टॅटिन, मेटफॉर्मिन, इन्सुलिन टेल्मिसार्टनबरोबर चालतात. हार्टसाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन पेनकिलर समजून बंद करू नका.

कुठल्या औषधांची नावं ऐकली की तुम्ही गोळी द्यायच्या आधी फोन करता?

लिथियम, पहिलं. मूडच्या आजारावरचं हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. टेल्मिसार्टन किंवा 'एच'मुळे ते रक्तात साचतं आणि हात थरथरण्यापासून बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. त्याची रक्तातली पातळी मोजूनच पुढे जायचं.

डिगॉक्सिन दुसरं. टेल्मिसार्टनबरोबर त्याची सर्वाधिक पातळी जवळपास निम्म्याने वाढू शकते. मळमळ, पिवळसर दिसणं, नाडी मंदावणं ही लक्षणं.

तिसरं नाव लोकांना अनपेक्षित असतं: लघवीच्या जंतुसंसर्गाला मिळणारं को-ट्रायमोक्सॅझोल. त्यातला ट्रायमेथोप्रिम पोटॅशियम वाढवतो. तीन-चार दिवसांचा कोर्स वाटतो किरकोळ, पण सत्तरीतल्या, कमजोर किडनीच्या माणसाला तेवढाही पुरतो. किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, तसंच हेपॅरिनची इंजेक्शनंही याच रांगेत.

(हा प्रश्न नेहमी हळू आवाजात येतो.) ती निळी गोळी चालेल का?

नुसत्या टेल्मिसार्टनवर बीपी आटोक्यात असेल तर डॉक्टर सिल्डेनाफिल देऊ शकतात, बीपी थोडा उतरतो इतकंच. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल तर उठताना भोवळ येऊन पडायची भीती. आणि छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल, तर मुळीच नाही. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच कामाच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर लाज बाजूला ठेवून हे सांगा. डॉक्टरांनी असं काय काय ऐकलेलं असतं.

दिवस गेले आहेत, गोळी चालू ठेवू?

नाही. आजच डॉक्टरांना फोन करा, ते दुसरी गोळी देतील. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत टेल्मिसार्टन बाळाच्या किडनीला आणि गर्भजलाला इजा करतं. मूल व्हावं असा विचार चालू असेल तर आधीच बदलून घ्या. पस्तिशीत बीपी निघालेल्या मुली आता बऱ्याच येतात, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

ऑपरेशन, दाढ काढणं, सीटी स्कॅन?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना नाव आणि डोस सांगा. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून टेल्मिसार्टन थांबवायची का हे ते ठरवतात. डाय देऊन सीटी असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या. दाताच्या दवाखान्यातून बाहेर पडताना हातात जी चिठ्ठी मिळते, त्यावर पेनकिलर असणारच, तेव्हा आत असतानाच बोला. ॲम्लोडिपिनने हिरड्या सुजू शकतात, हेही दातांच्या डॉक्टरांना ठाऊक असलेलं बरं.

थोडी घेतली तर?

दारूने त्या वेळी वाहिन्या सैलावून चक्कर येते आणि रोजच्या पिण्याने बीपी वाढतो. दोन्हीकडून तोटाच.

आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते. चालतं ना?

बाकीच्या ठेवा, टेल्मिसार्टन नको. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून गोळीत अल्कली घालतात, आणि ती हवेतला ओलावा ओढते. म्हणूनच ही गोळी ॲल्युमिनियमच्या पक्क्या स्ट्रिपमध्ये येते. मागच्या जुलैत एका आजींनी सोम-मंगळ लिहिलेली डबी उघडून दाखवली. शुक्रवारच्या कप्प्यातली गोळी फुगून खरखरीत झालेली, बोट लावलं तर पीठ. अर्धी करून उरलेली अर्धी उद्यासाठी ठेवणंही याच कारणाने नको. २० ची गोळी मिळते, ती लिहून घ्या.

आजींना मी उपाय सांगितला: स्ट्रिपच कात्रीने कापायची, गोळीभोवतीचा कागद न फोडता, आणि तो तुकडा कप्प्यात टाकायचा. पुढच्या महिन्यात त्या आल्या, डबी काउंटरवर ठेवली. प्रत्येक कप्प्यात चांदीचा एकेक चौकोन, आणि शनिवारच्या कप्प्यात त्याच्या शेजारी एक पिवळी गोळी.

"ही कसली?" मी विचारलं.

"ती काही नाही रे. शनिवारी मंडळाच्या पायऱ्या चढायच्या असतात ना, गुडघ्याची आहे."

नवीन औषध सुरू केल्यावर काहीतरी वेगळंच होतंय असं वाटलं तर कुठे कळवायचं?

आधी डॉक्टरांना. चेहरा, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकला, भोवळ येऊन पडलात, नाडी फार मंद लागली किंवा दिवसभर लघवीच झाली नाही, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडेही करता येते, त्यांचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरच पाहिजेत असं नाही. फोन करताना औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं आणि बरोबर बाकी काय चालू होतं, हे हाताशी ठेवा. ते हा शेवटचा प्रश्न विचारतातच.